कडेवरचं नाव

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात आता चांदी वितळल्याचा वास येत नाही. समोसे तळल्याचा येतो, नव्या कपड्यांच्या गठ्ठ्यांचा येतो, गाड्यांच्या धुराचा तर येतोच. परवा दुपारी मी तिथे जाऊन उभी राहिले आणि मला दुकानच सापडेना. दोनदा त्याच्यावरून पुढे गेले नि परत आले. शेवटी पायरी ओळखली. फरशीच्या त्या पायरीला डाव्या अंगाला एक खोलगट झीज आहे, बाबा सायकल तिथे टेकवायचे. पायरीच्या वर आता मोबाइलची कव्हरं लोंबत होती आणि पाटीवर कुण्या हसऱ्या नटीचा फोटो होता. मी खांद्यावरची पिशवी पोटाशी धरून उभी होते. पिशवीत मसाल्याचा डबा होता.

डब्यात मसाला नव्हता. सात गोल वाट्या, आणि त्यांत चांदीची पदकं. इंग्रजांच्या काळात ज्या शहरांना, किल्ल्यांना वेढे पडले, त्या वेढ्यांत लढून जे शिपाई जिवंत राहिले त्यांना मिळालेली. बाबा ती जमवायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्यानंतरच्या रविवारी घरी त्यांचं पुण्यानुमोदन होतं. आम्ही बौद्ध. गेलेल्या माणसाच्या वर्षाच्या दिवशी भन्तेजी येतात, त्रिसरण-पंचशील होतं, आणि आपण केलेलं पुण्य गेलेल्यांना वाटून दिलं जातं. त्या वेळी भन्तेजी घरातल्या दिवंगतांची नावं विचारतात. आमच्या घरातल्या नावांमध्ये एक परकं नाव असायचं, मुलतानच्या वेढ्यात लढलेल्या एका शिपायाचं. बाबा होते तोवर तेच सगळी नावं सांगायचे. गेल्या वर्षी बाबांचं पहिलंच पुण्यानुमोदन होतं, त्या रडारडीत शिपाई कुणाच्या ध्यानातच आला नाही. यंदा आईला आठवला. ती म्हणाली, त्याचंही सांगजो, नाहीतर तुह्या बाबाले बरं वाटणार नाही.

पण ते नाव ना मला ठाऊक, ना आईला. पदकाच्या कडेवर ते कोरलेलं होतं, आणि कड आता गुळगुळीत आहे. म्हणून मी इतक्या वर्षांनी जरीपटक्यात आले होते, जिथून ते पदक आमच्या घरी आलं तिथे.

तेव्हा आम्ही इंदोऱ्यात राहायचो, दोन खोल्यांत. रविवारी सकाळी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून निघायचे. दांडीला आईनं जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली असायची, तरी मांड्यांना वळ उठायचेच. बाबांच्या दाढीच्या साबणाचा वास माझ्या डोक्यावरून जायचा. जरीपटक्यात शिरलो की वास बदलायचा. कुठे पापड वाळत घातलेले, कुठे लोणच्याच्या बरण्या उन्हात, कुठे डोक्यावर पदर घेतलेल्या बाया मोठमोठ्यानं सिंधीत भांडण करून राहिलेल्या. निदान मला तरी ते भांडण वाटायचं. बाबा सांगायचे, भांडून नाही राहिल्या, भाजीचा भाव विचारून राहिल्या. आणि मग तो वास यायचा, कोळशाचा, टाकणखाराचा, तापल्या धातूचा, जिभेच्या टोकावर उतरणारा.

त्या दुकानाचे शेठजी चांदीचे व्यापारी. जुनी चांदी घ्यायची, भट्टीत वितळवायची, लगड करायची. दुकानाच्या मागल्या खोलीत भट्टी होती आणि तिच्याकडे जायची मला मनाई होती, म्हणून माझं सगळं लक्ष तिकडेच. मोडीत आलेल्या जिनसा एका परातीत पडलेल्या असायच्या. तोरड्या, वाळे, गोठ, करदोडे, अत्तरदाण्या, कुणाच्या तरी बारशातला चमचा. लोकांच्या घरातले सगळे शुभप्रसंग त्या परातीत पालथे पडलेले. बाबा परातीजवळ उकिडवे बसायचे आणि तांदूळ निवडावे तसं त्यातून बोटं फिरवायचे. कधी कधी एखादं पदक हाती लागायचं. दर रविवारी नाही हां. महिनोन् महिने काही नाही, आणि एक दिवस तोरडीच्या खाली राणीचा मुखवटा. बाबांचा श्वास मोठ्यानं ऐकू यायचा.

मुलतानचं पदक असंच निघालं. उन्हाळा होता, दुकानाला लावलेला वाळ्याचा पडदा अर्धा वाळलेला. बाबांनी ते उजेडाकडे धरलं. एका बाजूला राणी. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला साहेब, मागे ताडाचं झाड, आणि समोर जमिनीवर हत्यारं टाकणारे लोक. वर चांदीची आडवी पट्टी आणि तीवर मुलतान हे नाव, इंग्रजीत. फीत कुजून दोरा झाली होती, तरी तिच्या काठाचा पिवळा रंग कळत होता.

"शेठजी, हे मुलतानचं होय," बाबा म्हणाले.

शेठजींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "मुलतान? मेरी नानी वहीं की थी." त्यांनी पदक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि हसले. ते हसणं मला तेव्हा कळलं नव्हतं. "देखो बाबू, ये आदमी मुलतान में घुसने गया, उसको चांदी मिली. हम बँटवारे में उधर से निकले, हमको जरीपटके में प्लाट मिला."

मग त्यांनी ते काट्यावर ठेवलं, सवयीनं वजन बघितलं, आणि भट्टीच्या खोलीकडे न देता बाबांच्या हातावर ठेवलं. घरी येताना बाबा सायकलवर बसलेच नाहीत. मला दांडीवर बसवून, सायकल हातात धरून, इंदोऱ्यापर्यंत चालत आले. भर उन्हात. आईनं दारातच विचारलं, पंक्चर झाली काय?

बाबा टपाल खात्यात पत्रं गावानुसार निवडायचे. दिवसभर हातात दुसऱ्यांची नावं. हे कामठीचं, हे काटोलचं, हे तुमसरचं. ज्या पत्रांवर नाव असायचं पण पत्ता नीट नसायचा ती त्यांना अस्वस्थ करायची. घरी येऊन जेवताना सांगायचे, आज एक पत्र आलं होतं, नाव चांगलं ठसठशीत, आणि पत्त्याच्या जागी नुसतं 'नागपूर, मोठ्या झाडाजवळ'. आई म्हणायची, मंग टाका न कोनत्याही झाडाखाली. बाबा हसायचे नाहीत. नाव हाय म्हणजे मानूस हाय, म्हणायचे.

पदकांमध्ये त्यांना हेच दिसत असावं. पदकाच्या पातळ कडेवर त्या त्या शिपायाचं नाव नि पलटण कोरलेली असते, हे मला बाबांमुळे कळलं. ते भिंगानं ती कड हळूहळू फिरवत वाचायचे, ओठ हलायचे, आवाज नाही. मुलतानचं पदक मुंबईच्या पलटणीतल्या एका शिपायाचं निघालं, आणि त्याच्या नावाचा शेवट होता 'नाक'. आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या नावांना मागे हे नाक लागायचं. बाबांनी भिंग खाली ठेवलं. मग आईला म्हणाले, "आपलाच मानूस होय वं."

शेजारचे काका त्यांना चिडवायचे. कवेलूंच्या उतरत्या छपराखाली बाज टाकून दोघं बसले की काकांचं सुरू व्हायचं, "गोऱ्याइच्या चाकरीचे बिल्ले कायले जमवून राहिला गा? राणीचं थोबाड पाहाले?"

"राणीचं थोबाड मी पाह्यतच नाही," बाबा म्हणायचे. "मी कड पाह्यतो. गावात याले कोन नावानं हाक मारत होतं? अरे अन् तुरे. अन् इथं पाह्य, पूरं नाव कोरलं हाय. कोरनाऱ्यानं कोनाले तरी विचारलं असन न, की बावा, याचं नाव काय?"

काका म्हणायचे, "लोकाचा किल्ला पाडाले गेला होता तो."

"गेला होता," बाबा म्हणायचे. बिडी पेटवायचे.

पदकं ठेवायला आईनं तो मसाल्याचा डबा दिला. तिला लग्नात दोन आले होते, त्यातला एक. अट एकच, सात वाट्या भरल्या की बस्स, आठवं आणलं तर मी घरात घेणार नाही. सातही कधी भरल्या नाहीत. दिल्ली होती, लखनौ होतं, मुलतान होतं, समुद्रापलीकडच्या कुठल्या वेढ्याचं एक होतं. सातवी वाटी बाबांनी गाविलगडासाठी राखून ठेवली होती. आपल्याच विदर्भातला किल्ला. पण त्याचं पदक काढायला सरकारला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, तोवर लढणारे बहुतेक मरून गेले होते. जे म्हातारे उरले होते त्यांनी अर्ज करायचा होता. अर्ज! बाबांना याचं इतकं वाईट वाटायचं की जणू त्यांच्याच टपालात ती पदकं अडकून पडली होती.

एका हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो होतो, एसटीनं, संत्र्यांची पिशवी घेऊन. किल्ल्याच्या दरवाज्यात वारा असा होता की आईचा पदर फडफडून तिच्याच तोंडावर बसत होता. मी संत्र्याची सालं खाली दरीत टाकत होते आणि ती पडताना दिसत नव्हती. बाबा एका तटाला हात लावून उभे होते. कुठून चढले असतील, असं काहीतरी पुटपुटत होते. आतले मेले, बाहेरचे मेले, म्हणाले. मला थंडी वाजत होती आणि शू लागली होती. गाविलगड म्हटलं की मला आजही तेवढंच आठवतं.

डब्याला हळदीचा वास होता, तो कधीच गेला नाही. पावसाळ्यात पदकं काळी पडायची. बाबांना तो काळेपणा आवडायचा. चांदी काळवंडली की कोरलेल्या अक्षरांत काळं साठतं आणि नाव उठून दिसतं. आईला मात्र तो काळेपणा बघवत नसे.

आणि मग दसरा यायचा. आमच्यासाठी तो दीक्षेचा दिवस. बाहेरगावचे पाहुणे आधीपासून यायला लागायचे. कुणी यवतमाळकडून, कुणी थेट मराठवाड्यातून, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, डोक्यावर पिठाच्या पिशव्या. आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. अंगणात तीन दगडांवर भात शिजायचा. आई आदल्या दिवशी सगळं घर धुऊन काढायची. बुद्धाची मूर्ती, पितळेचं दीपपात्र, तांबे, आणि मसाल्याचा डबा. बाबा त्या दिवसांत घरी नसायचेच, टपालाची एवढी गर्दी की दुहेरी पाळी. ते येईपर्यंत सगळं लखलखलं पाहिजे, असा आईचा हट्ट. अंगणात पाटावर बसून ती रिठ्याच्या पाण्यात पदकं बुडवायची आणि रांगोळीच्या बारीक पुडीनं घासायची. चांदीला रांगोळीच, हे तिच्या आईनं शिकवलेलं. राणीच्या गालावरून एकदा अंगठा फिरवून सोडून द्यायची. खरी मेहनत कडेवर.

"पाह्य न वं, कशी घान अडकून बसली," ती मला दाखवायची. कडेच्या खाचांमधलं काळं. ते काढायला ती वातीचा पीळ करून, रांगोळीत बुडवून, खाच न् खाच घासायची. आईला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, मराठीही पुढे प्रौढ वर्गात शिकली. मला तेव्हाचा फक्त तिच्या बांगड्यांचा आवाज नि रिठ्याच्या फेसाचा वास आठवतो. फेस माझ्या हातावर यायचा आणि मी त्याचे फुगे करायची. पदकं उन्हात ठेवली की छपराखाली भिंतीवर उजेडाच्या चकत्या हलायच्या. पाहुण्यांची पोरं त्या पकडायला धावायची.

बाबा थकून यायचे, डबा उघडायचे. "चकाचक करून टाकलं न तू," म्हणायचे. आई इतकी खूश व्हायची की दुसऱ्या दिवशी भाताला तूप जास्त पडायचं.

आजोबांचं पुण्यानुमोदन बाबा करायचे, दर वर्षी. पुढच्या खोलीत भन्तेजी, त्यांच्यासमोर बाबा, मग पुरुषमंडळी, आणि आम्ही बायापोरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. खीर लागू नये म्हणून कुणीतरी सतत ढवळत असायचं. भन्तेजी नावं विचारत, बाबा खाली मान घालून हळू आवाजात सांगत. आजोबा. आजी. लहानपणी गेलेला काका. आणि मग त्याच आवाजात, मध्ये न थांबता, तो शिपाई. आमच्यापर्यंत फक्त शेवटचं 'नाक' पोचायचं. एकदा मी विचारलं होतं, तुम्ही ते नाव कुठे लिहून काढून ठेवलं का? बाबा म्हणाले, "लिहून कायले ठेवाचं? चांदीवर कोरलं हाय न बेटा."

महिन्यापूर्वी हुडकेश्वरच्या घरी, आता आम्ही तिथे राहतो, आईनं डबा काढला. तिच्या गुडघ्यांनी आता जवाब दिलाय, ती पलंगावर बसूनच सगळा कारभार करते. म्हणाली, वाच. मी चष्मा लावला. मग बाबांचं भिंग घेतलं. मग मोबाइलचा उजेड. कड फिरवली, पुन्हा फिरवली. आत्ता दिसेल, आत्ता दिसेल. काही नव्हतं. नाण्याच्या घासल्या काठासारखी स्वच्छ, पांढरी, लख्ख कड.

"दिसत नाही नीट," मी म्हटलं. "दाखवून आणते कोणाला तरी."

सदर बाजारात एक गृहस्थ आहेत, जुनी नाणी नि पदकं पाहतात. मोठ्या दुकानांच्या मागे त्यांचं छोटंसं ऑफिस. त्यांनी पदक मखमलीवर ठेवलं, डोळ्याला नळी लावली, दिव्याखाली कितीतरी वेळ फिरवलं. बाहेर सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवत होत्या. मला उगाच दवाखान्यात बसल्यासारखं वाटत होतं.

"शेवटचं अक्षर इंग्रजी सी असावं, तेव्हा 'नाक' तसंच लिहीत," ते म्हणाले. "बाकी गेलं. ही कड घासलेली आहे ताई. एकदा नाही, पुष्कळ वर्षं."

"काही करता येतं का?"

"धातूच गेला, तर काय करणार?" त्यांनी पदक माझ्याकडे सरकवलं. वाईट माणूस नव्हता तो. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "कुणीतरी फार निगुतीनं केलंय. खाचेत सुद्धा कण ठेवला नाही."

मी जिना उतरून खाली आले आणि एका दुकानाच्या ओट्यावर बसून रडले. आईचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला तो त्या रांगोळीचा, त्या वातीचा, अंगणातल्या त्या उन्हाचा. माझ्या लहानपणातली सगळ्यात उजेडाची आठवण होती ती. तिच्यातच एका माणसाचं नाव पुसलं जात होतं आणि मी बाजूला बसून फुगे करत होते.

आणि तरी परवा मी जरीपटक्याला गेले. आशा मोठी चिवट असते बाई. मोबाइलच्या कव्हरांच्या मागे गल्ल्यावर शेठजींचा मुलगा बसला होता, आता त्याच्याच मिशा पांढऱ्या. त्यानं बाबांना लगेच ओळखलं, म्हणजे त्यांच्या वर्णनावरून. "वो साइकिलवाले बाबू? परात के पास बैठते थे?" त्यानं मला बसवलं, चहा मागवला, शेठजी कधी गेले ते सांगितलं. मी डबा उघडला. हळदीचा वास त्या प्लॅस्टिकच्या दुकानात पसरला आणि तो मोठ्या कौतुकानं वाकून बघायला लागला.

मी विचारलं, शेठजी कधी या शिपायाचं नाव बोलले होते का? बाबांनी त्यांना वाचून दाखवलं असेल. तुम्ही तेव्हा दुकानात असाल.

त्यानं पदक हातात घेतलं, आणि तळहातावर जरा वरखाली केलं. बापाची सवय. "बेहेनजी," तो म्हणाला, "हमारे यहाँ नाम कौन देखता था? वज़न देखते थे."

चहा मी अर्धाच प्यायले.

घरी आले तेव्हा आई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. समोरच्या प्लॉटवर नवं घर उठतंय, तिथल्या बायांशी ती दिवसभर बोलत असते. मी येताना ऑटोत सगळं ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "आई, ते कोरलेलंच कच्चं होतं म्हणे. त्या काळी असं व्हायचं. आपोआप जातं."

आईनं हात पुढे केला. मी पदक दिलं. तिनं अंगठा कडेवरून फिरवला, सावकाश, पूर्ण एक फेरा. मला वाटलं, हिला कळू नये. एवढं एक कळू नये. ऐंशीच्या पुढे गेलेल्या माणसाला कशाला पाहिजे हे?

"आपोआप काहून जाईन वं?" ती म्हणाली. "तो मळ नव्हता न?"

मी तिच्या खुर्चीजवळ खाली बसले.

"एका साली तुह्या बाबानं डब्बा माह्या हातातून घेऊन घेतला," ती समोरच्या विटांकडे बघत म्हणाली. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सुट्टी काढून घरी राहिले होते. म्हणे, राहू दे, तुह्ये हात दुखत असतीन, यंदापासून मी करतो. मी सगळ्या पाहुन्याइले सांगत सुटली. पाहा, माह्या नवऱ्याले माही किती कदर हाय."

तिनं पदक पदरानं पुसायला घेतलं, आणि मध्येच थांबली. पदर सोडून दिला.

"म्हणजे तुह्या बाबाले तवाच दिसलं होतं," ती म्हणाली. "अन् मले बोलला नाही."

बाबांनी नाव कुठेही का लिहून ठेवलं नाही, हे मला त्या क्षणी कळलं. लिहायला घेतलं असतं तर आईनं विचारलं असतं, कायले लिहून राहिले, चांदीवर हाय न? आणि मग सांगावं लागलं असतं. त्यांनी नाव तोंडात धरून ठेवलं, शेवटपर्यंत. अतिदक्षता विभागात तोंडावर मास्क होता तेव्हाही ते त्यांच्याजवळच असेल. दोन्हींतलं एकच त्यांना वाचवता येत होतं, ते नाव किंवा आईचं मन. मला अजून ठरवता येत नाही की त्यांनी बरोबर केलं का. बाबांवर मी फार प्रेम केलं, पण त्या संध्याकाळी मला त्यांच्याशी कडाकडा भांडायचं होतं.

मी आईला म्हटलं, रविवारी आपण त्याचं नाव घ्यायलाच नको. कोणाला काय माहीत आहे? त्या रात्री ती जेवली नाही.

रविवारी सकाळी घर माणसांनी भरलं. इंदोऱ्याची जुनी मंडळी आली, शेजारच्या काकांच्या सुना आल्या. बाबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, फुलं ठेवली. भन्तेजी तरुण होते, आवाज खणखणीत. मी त्यांच्यासमोर बसले, बाबा बसायचे तिथे, आणि आईला माझ्या मागे खुर्चीवर बसवलं. त्रिसरण झालं, पंचशील झालं. भन्तेजी म्हणाले, "दिवंगतांची नावं सांगा."

मी आजोबांचं सांगितलं. आजीचं सांगितलं. लहानपणी गेलेल्या काकाचं. बाबांचं नाव घेतलं. मग मी हात जोडले, म्हणजे संपलं.

"आनखी एक हाय, भन्तेजी," मागून आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला बघत होती. दोघींनी धरलं तेव्हा उभी राहिली.

"सिपाई होता," ती म्हणाली. "मुलतानले लढला. आमच्या नात्यातला नाही, पन आमच्याच घरी होता."

भन्तेजींनी मान हलवली. "नाव काय त्यांचं, आई?"

"नाव होतं," आई म्हणाली. "चांगलं कोरलेलं होतं. मीच घासून टाकलं, दर दसऱ्याले."

भन्तेजी वाट बघत राहिले. त्यांना वाटलं असावं, म्हातारी माणसं अशी थांबतात, मग आठवतं त्यांना.